वेसण, मुसकं आणि ठासणीची बंदूक

लातूरला नेमबाजी शिकणारा एक मुलगा आहे, ओळखीतला. एअर रायफलवाला. त्याने एका रात्री फोनवर एक चित्र पाठवलं आणि खाली विचारलं, "काका, ह्याला मराठीत काय म्हणायचं?"

चित्रात अमेरिकेतली एक ठासणीची रायफल होती. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत सोडायची आणि गजाने ठासायची, ही आपल्या पणजोबांच्या काळची रीत. पण बंदूक मात्र कोरी करकरीत, आजच्या कारखान्यातली. तिकडे बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम राखलेला असतो, म्हणून हा जुना प्रकार नव्याने घडत राहतो. या रायफलीच्या तोंडाशी बोटभर लांबीचं एक नळकांडं आट्यांवर फिरवून बसवलं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना भोकं. नाव, मझल ब्रेक. बार उडाला की खांद्यावर बसणारा दणका कमी करायची ही युक्ती.

मी त्याला लिहिलं, दोन दिवस दे. दोनाचे बारा झाले, कारण मझल शब्दातच मी अडकून पडलो.

मझल म्हणजे मुळात जनावराचं थोबाड. कुत्र्याचं, घोड्याचं, बैलाचं पुढे आलेलं नाकतोंड. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला थोबाडवाचक 'मुसुम' आहे. मग त्या थोबाडावर बांधायच्या पट्ट्यालाही इंग्रज मझल म्हणू लागला आणि पुढे बंदुकीच्या नळीच्या तोंडालाही. नळीच्या मागच्या टोकाला तो ब्रीच म्हणतो. त्याचा जुना अर्थ कमरेखालचं वस्त्र, त्यावरून ते झाकतं तो भाग. म्हणजे इंग्रजीत ठासणीची बंदूक थोबाडाकडून भरायची आणि नंतरची, काडतुसाची, ढुंगणाकडून. आपण सभ्यपणे नळीचं बूड म्हणतो. अर्थ तोच.

मझल हा शब्द ऐकला की मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला मुसकं आठवेल. कोळपताना बैलाने उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या थोबाडाला जाळी बांधतात, ते मुसकं. काम तेच, जागा तीच, आणि ध्वनीही बराच जवळचा. मझल, मुसुम, मुसकं. रात्री अकराला हे सुचलं तेव्हा मला फार मोठा शोध लागल्यासारखं झालं होतं. सकाळी उतरलं. दोन भाषांतल्या दोन शब्दांचा आवाज जुळणं हा पुरावा नसतो. मधल्या पिढ्या दाखवाव्या लागतात, अमुक शतकात शब्द असा होता, मग असा झाला. मुसक्याच्या बाबतीत मला त्या दाखवता येत नाहीत. तेव्हा मुसकं बैलाच्या तोंडालाच राहू द्यावं. शिवाय अर्थाचीही अडचण आहे. मुसकं तोंड बंद करतं, आणि बंदुकीचं तोंड बंद करून बार उडवला तर काय होईल ते सांगायला नको.

पण एक गोष्ट या नादात लक्षात आली. मराठी बंदूकही नखशिखांत जनावर आहे. तिला तोंड आहे, बूड आहे. तिच्या अंगात बत्ती जिथून शिरते त्या छिद्राला कान म्हणतात. किल्ला सोडायची वेळ आली की तोफांच्या कानात खिळे ठोकायचे, म्हणजे त्या शत्रूच्या हाती लागल्या तरी बहिऱ्या. चाप ओढल्यावर जो वरून आपटतो तो घोडा. इंग्रजाने त्याच जागी कोंबडा बसवला आहे. उंटाच्या पाठीवरून डागायची ती सुतरनाळ, त्यातला शुतुर म्हणजे फारसीत उंटच. आणि जंबुरा या छोट्या तोफेच्या नावात फारसी जंबूर बसलेला आहे, म्हणजे गांधीलमाशी. ती कशी येते, कशी डसते, हे ज्याने भोगलं त्यानेच हे नाव ठेवलं असणार.

मोठ्या तोफांच्या बाबतीत तर ओतणाऱ्यांनी हे उघडच करून टाकलं. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये ओतलेली, आणि विजापूरला जाण्यापूर्वी ती आमच्या शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. तिचं तोंड जबडा वासलेल्या सिंहाचं आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. मझल शब्दाची व्युत्पत्ती कुणाला समजावून सांगायची असेल तर ती तोफ दाखवावी, कोश उघडायची गरज नाही. दौलताबादच्या मेंढा तोफेचं उलटं. तिच्या बुडाला मेंढ्याचं डोकं आहे. आणि ठासणे या क्रियेला इंग्रज काय म्हणतो? रॅम. रॅम म्हणजे मेंढा. त्याच्या टकरीवरूनच हे क्रियापद आलं असं मानतात. दौलताबादच्या ओताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, इंग्रजाला दौलताबाद ठाऊक नव्हतं, आणि तरी दोघांना तोफेशी मेंढाच आठवला.

मग आलो ठासणीवर. ठासणे हे ठसणे याचं प्रयोजक रूप. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तसं ठसणे-ठासणे. मनावर ठसतं, कागदावर ठसा उमटतो, माणूस मुद्दा ठासून सांगतो, गोणी ठासून भरतो. जुन्या लेखनात डोक्यावर अनुस्वारही असे, ठांसणे. हिंदीत ठांसना आणि ठूंसना ही सख्खी भावंडं आहेत. संस्कृतचं बोट धरून हा शब्द आलेला दिसत नाही, मातीतला आहे. (मराठवाड्यात या क्रियापदाचे आणखीही उपयोग आहेत. परीक्षेचा निकाल लागल्यावर कॉलेजच्या कट्ट्यावर ते ऐकू येतात, इथे नकोत.)

ठासणीची बंदूक म्हणजे नुसता शब्द नाही, त्यात पूर्ण कृती सांगितली आहे. आधी दारू मोजून ओतायची. वर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. हलकी ठासली तर बार फुसका, आणि गोळी दारूला भिडली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळीच फाटायचा धोका. आपण सभेत फुसका बार म्हणतो तेव्हा खरं तर ठासणाऱ्याचा आळस बोलून दाखवत असतो.

बार हा शब्द मला या सगळ्या कुटुंबात सर्वांत लाडका आहे. फारसीत बार म्हणजे ओझं. संस्कृत भार त्याचाच भाऊ. दोन्ही भाषा एका घरच्या, म्हणून. बंदुकीत एका वेळी घालायचं ओझं म्हणजे बार, मग ते उडालं की झालेला आवाजही बार. आणि आपलं भरणे हेही त्याच घराण्यातलं, संस्कृत भृ धातूचं. म्हणजे 'बार भरला' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो, एकदा इराणमार्गे आलेला आणि एकदा घरचा. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे विदर्भात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात: भर आणि मार. पोलिसांच्या बातमीत 'भरमार बंदूक जप्त' असं छापून येतं, आणि त्याच पानावर खाली जाहिरातींची भरमार असते.

आमच्याकडे बार सर्वांत जास्त भरला जातो तो बंदुकीत नव्हे, तोंडात. तळहातावर तंबाखू, चुन्याचं बोट, अंगठ्याने मळणी, दोन टाळ्या, आणि खालच्या ओठाआड चिमूट दाबून बसवायची. बार भरला. नांदेडच्या बसस्टँडावर हे रोज शेकडो वेळा घडतं आणि कृती अगदी ठासणीचीच आहे: तोंडातून भरायचं, बोटाने दाबायचं. पोरीचं लग्न ठरवून टाकायचं असेल तर 'यंदा बार उडवून देऊ' म्हणतात. प्रश्नांची सरबत्ती होते, त्यात तोफांची बत्ती आहे. दोन गटांत चकमक उडते. तुर्कीत चकमक म्हणजे विस्तव पाडायचं साधन, गारगोटी आणि पोलाद. जी ठिणगी पूर्वी दारू पेटवायची तीच झटापटीचं नाव झाली. गोळीबाराच्या फैरी झडतात, त्यातली फैर म्हणजे इंग्रजी फायर, धोतर नेसलेला. आणि गोलंदाज. तोफेचा गोळा फेकणारा हा फारसी नावाचा माणूस आता वानखेडेवर लाल चेंडू घेऊन धावत येतो.

दारू फारसीत औषध. त्याचं आपल्याकडे काय काय झालं ते सांगायला स्वतंत्र लेख लागेल, सोडून देतो.

आमच्या भागाला या शब्दांचा इतिहास जवळचा आहे. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवराव भाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तेव्हा मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारदीचा तोफखाना होता, जो पुढच्याच वर्षी पानिपतावर संपला. गारदी हे नाव युरोपी 'गार्द'शी जोडतात, म्हणजे पहारेकरी. कवायती पायदळाबरोबर शब्द आला. उदगीरनंतर तेरा वर्षांनी गारद्यांच्या हातून नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि तेव्हापासून मराठीत गारदी म्हणजे मारेकरी. नांदेडच्या हुजूर साहिबला दसऱ्याच्या हल्लाबोलात शस्त्रं निघतात. गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथातल्या शस्त्रनाममालेत तुपक या शस्त्राच्या कूटनामांचा एक लांबलचक भागच आहे. तुपक म्हणजे तुर्की तुफेंक, बंदूक. आणि नांदेडहून देगलूर-बिलोलीकडे, तेलंगणाच्या सीमेवर गेलात की तेलुगूत बंदुकीला तुपाकी म्हणतात. मराठीने मात्र अरबी बंदूक उचलली. तिचा मूळ अर्थ एक फळ, हेझलनट. ग्रीकांनी काळ्या समुद्राच्या काठच्या पाँतसवरून त्या फळाला नाव दिलं, अरबांनी ते बुंदुक केलं, फळासारख्या गोळीला तेच नाव पडलं आणि गोळीवरून हत्याराला. मांजरा नदी ओलांडून पलीकडे गेलं की हत्यार तेच, शब्द तुर्की. अलीकडे शब्द ग्रीक.

पण मुलाने विचारलं होतं रायफलीबद्दल. रायफल म्हणजे नळीच्या आतून पीळदार चर कोरलेली. शब्दाचं मूळच खरवडणे, चरे पाडणे असं आहे. आमच्याकडच्या ठासणीच्या बंदुका बहुतेक गुळगुळीत नळीच्या. 1959 च्या शस्त्र कायद्यात तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी म्हणून. रानडुक्कर आणि रोही यांनी हरभऱ्याचं, तुरीचं काय होतं हे पाहिलेल्या कुणीतरी तो शब्द तिथे घातला असावा असं मला नेहमी वाटतं. भारताच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली ठासणीची रायफल मात्र साहेबाची होती: 1853 ची एनफील्ड. कागदी काडतूस दातांनी फोडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी ठासायची. दातांनी फोडायच्या त्या वंगण लावलेल्या काडतुसापायी 1857 ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काडतूस हा शब्द मात्र इंग्रजांनी दिलेला नाही. तो पोर्तुगीजांकडून, कार्तूशो.

आता दणका. पुस्तकी मराठीत प्रतिक्षेप म्हणतात, जो शब्द खांद्याला लागत नाही. बंदूक वापरलेला माणूस म्हणतो धक्का, झटका, किंवा सरळ लाथ. पुन्हा जनावर आलं. हिशेब सोपा आहे. 30 ग्रॅमची गोळी सेकंदाला 300 मीटर वेगाने पुढे गेली तर 3 किलोची बंदूक सेकंदाला 3 मीटर वेगाने मागे येते. हे नुसत्या गोळीचं. तिच्यामागून भसकन बाहेर पडणाऱ्या धुराचंही वजन असतं, तोही बंदुकीला मागे ढकलून जातो. पण मोठा वाटा गोळीचाच, म्हणून रानडुकरं हाकलायला गोळीशिवाय नुसता खाली बार काढतात तेव्हा आवाज गावभर होतो आणि खांद्याला फारसं काही कळत नाही. बारा बोर, म्हणजे ज्या नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या पौंडात बारा बसतात ती. पूर्ण गोळीनिशी ती लाथ मारते तेव्हा नवशिक्याच्या दंडावर काळंनिळं उमटतं.

मझल ब्रेक काम करतो तो गोळीवर नाही, या धुरावर. गोळी भोकांपुढून निघून जाते. मागचा वायू पुढे न जाता भोकांतून बाजूला आणि थोडा मागे वळतो, आणि वळताना नळीला पुढे ओढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये त्रय द बोल्यू नावाच्या अधिकाऱ्याने तोफेच्या तोंडाशी तिरपी भोकं पाडून हे करून पाहिलं. आज लांब पल्ल्याच्या तोफांच्या तोंडाला जो फुगीर गड्डा दिसतो तो बहुतेक वेळा हाच.

शब्दासाठी मी कंधार तालुक्यातल्या एका जुन्या ओळखीच्या मामांकडे गेलो. त्यांच्या वडिलांकडे राखणीची ठासणीची बंदूक होती, परवान्याची. त्यांच्या दावणीला आजही लाल कंधारीची जोडी आहे. चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"नळी फुटलेली दिसायली की."

मी म्हणालो, फुटलेली नाही, मुद्दाम पाडलेली भोकं आहेत, लाथ कमी बसावी म्हणून.

"मग दारू कुठनं वतायची? भोकातनं गळती की सगळी. अन् बोळा अडकून बसंल त्यात."

एका वाक्यात त्यांनी सगळी अडचण सांगितली. हे नळकांडं बुडाकडून भरायच्या बंदुकीसाठी जन्मलेलं आहे. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार त्याच तोंडातून आत जातो, त्यामुळे सुटी दारू भोकांतून सांडते, गोळीभोवतीची चिंधी भोकांच्या कडांत अडकते, आणि ब्रेकचं छिद्र नळीपेक्षा थोडं मोठं ठेवावं लागत असल्याने गोळी सरळ रेषेत आत जाईलच असं नाही. म्हणून काही जण भरताना ब्रेक काढून ठेवतात आणि मग बसवतात, किंवा आतून नळीच्या मापाची खोटी नळी सरकवतात. शिवाय काळी दारू. तीन चतुर्थांश सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन वायू होतच नाही, काजळी आणि क्षार म्हणून राहतं. ती काजळी भोकं बुजवते आणि ओल धरून लोखंड खाते. वडील बार झाल्यावर नळी उकळत्या पाण्याने धुवायचे, मामा म्हणाले, आणि मग तेलाचा बोळा. आता भोकं पण धुवायची म्हणजे काम वाढलं. तिकडे नव्या, बिनधुराच्या दारूसाठी घडवलेल्या ठासणीच्या रायफलींवर हा ब्रेक त्यामुळेच जास्त शोभतो. तिथे वायू भरपूर, काजळी थोडी. पण बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं हे ब्रेक विकणारे जरा हळू आवाजात सांगतात.

आणि हे सगळं इथे कुणी करूही नये. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यायची असते.

ब्रेकला शब्द शोधताना मी खीळ, लगाम, आडकाठी असं एकेक मामांपुढे टाकत होतो. खीळ मला आवडली होती, तोफेच्या कानात ठोकलेल्या खिळ्याची आठवण म्हणून. पण खीळ थांबवते. लगाम घोड्याचा, आणि बंदुकीत घोडा आधीच एक आहे. मामा ऐकत होते आणि गव्हाणीपाशी उभ्या बैलाच्या नाकाशी हात नेऊन सवयीने दोर सरकवत होते.

तेव्हा दिसलं. वेसण. थोबाडाच्या अगदी टोकाला, मुद्दाम पाडलेल्या भोकातून ओवलेली, जनावराचा जोर न मोडता फक्त आवरणारी. मुसक्यासारखी तोंड बंद करत नाही. बैल खातो, पितो, ओढतो. हुंदाडला तर तिथल्या तिथे आवरतो. हिंदीत तिलाच नाथ म्हणतात, आणि बायकांच्या नाकातली नथ तिचीच बहीण. दोघींच्या मागे संस्कृत नस्ता आहे, नाकाच्या पडद्याला पाडलेलं भोक. महागाईला वेसण घाला, असं आपण सरकारला सांगतच असतो. थोबाड, भोक, आवर: तिन्ही एका शब्दात, आणि तोही माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत दोरखंडाच्या दुकानात टांगलेला.

मामांना विचारलं, बंदुकीची वेसण म्हटलं तर? त्यांनी थोडा विचार केला. "म्हणा की. पर लाथ तर ती मागनं मारती, अन् तुमी वेसण घालायलाव नाकात."

मी म्हणालो, बैलाचंही तसंच नाही का, वेसण नाकात, लाथ मागून.

"बैलाला वेसण घालून लाथ थांबती, असं कुनी सांगितलं तुमाला?" ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

तरी घरी आल्यावर मी त्या मुलाला लिहिलं: नळीची वेसण, किंवा नुसतं वेसण. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. "भारी आहे काका. पण वेसण म्हणजे काय?" मी निघताना मामांच्या बैलाचा एक फोटो काढला होता. नाकाजवळ लाल गोल करून तो त्याला पाठवला.